मागच्या सीटवरचं बटण

उदगीरमध्ये देगलूर रोडवरच्या एका घराच्या दाराशी घंटीचं बटण होतं. आता तिथं दोन भोकं आहेत आणि चुन्यात अडकून राहिलेला एक स्क्रू.

*

सरजाबाई उमरीला राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. मुलानं आपला जुना फोन नंबरासकट त्यांना देऊन टाकला आहे. अनोळखी माणसाचा फोन आला की त्या एकच वाक्य बोलतात, "आम्हाला काय नको बाबा," आणि ठेवून देतात.

*

किडन्या गेलेल्या माणसाचं रक्त मशीनवर एकदा धुऊन काढायला सव्वाशे लिटर पाणी लागतं. त्याच माणसानं दिवसभरात प्यायचं पाणी पाऊण लिटर.

*

तहसीलच्या भिंतीवर निळ्या रंगात: उदगीर जिल्हा झालाच पाहिजे. त्याच्या खाली कुणीतरी खडूनं: आधी नळ तरी येऊ द्या.

*

भरल्या टँकरचा ब्रेक मारला की टँकर थांबतो, आतलं पाणी थांबत नाही. ते पुढं येऊन आदळतं आणि टँकरला आणखी चार हात ढकलतं. हे टँकरवाल्यांना ठाऊक असतं.

*

"ठरावीक चेसिस क्रमांकांच्या गाड्यांमधील ब्रेक लाईटचा स्विच तपासून, सदोष आढळल्यास विनामूल्य बदलून देण्यात येईल. नोंदणीकृत मालकांना कळवण्यात येत आहे."

*

नोंदणीकृत मालक.

*

हे सगळं एकाच गाडीचं आहे. पांढरी, पाच माणसांची, नांदेड पासिंग. दोन हजार सोळाच्या जानेवारीत ती उदगीरला आली. चालवणारी पंचशीला सोनकांबळे, वय चव्वेचाळीस, आरोग्य उपकेंद्रात नर्स. सगळं गाव तिला सिस्टर म्हणतं. मागच्या सीटवर आडवा पडलेला तिचा नवरा निवृत्ती, तहसीलमध्ये अव्वल कारकून. दोन्ही किडन्या गेलेल्या.

लातूरला त्याचं डायलिसिस चालू होतं ते बंद पडलं. मशीन होतं, माणसं होती, पाणी नव्हतं. मग नांदेड. मंगळवारी आणि शुक्रवारी. जळकोट, जांब, कंधार, नांदेड. जायला अडीच तास, मशीनवर चार तास, यायला अडीच तास. दोनदा एसटीनं नेलं. दुसऱ्या खेपेला येताना तो कंधारच्या स्टँडवर खाली बसला आणि उठेना. भाड्याची जीप बघावी तर गावातले सगळे ड्रायव्हर टँकरवर गेलेले. म्हणून गाडी घेतली, उमरीच्या नरसिंग मास्तरांची. मास्तर मुलाकडं हैदराबादला राहायला निघाले होते. त्यांची आई सरजाबाई मात्र उमरी सोडायला तयार नव्हती, म्हणून मास्तरांनी आपला फोन तिच्याकडं ठेवला.

गाडी नावावर करून घ्यायची राहिली.

विसरून नाही राहिली. निवृत्तीनं विचार करून ठेवली. सव्वीस जानेवारीला उदगीर जिल्हा जाहीर होणार, असं तहसीलमध्ये शिपायापासून सगळे बोलत होते. जिल्हा झाला की नवं आरटीओ, नवा नंबर, कागद पुन्हा पहिल्यापासून.

"दोनदा कशाला करायचं?" निवृत्ती म्हणाला. "एकदाच करू. उदगीरच्या नंबरावर."

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. वडिलांनी महिनाभर आधीच उस्मानाबादच्या शिक्क्याचा जातीचा दाखला काढून आणला होता. तो नवीन ऑफिसात चालेना म्हणून त्यांनी लातूरला चार खेपा घातल्या, चौथ्या खेपेला तिथल्या पायरीवर बसून रडले. निवृत्ती सोबत होता. त्या पायरीवर त्यानं जे ठरवलं ते चौतीस वर्षं पाळलं. जिल्हा बदलायचा असेल तर कागद थांबवायचा.

सव्वीस जानेवारी झाली. जिल्हा झाला नाही.

"एक मेला करतील," निवृत्ती म्हणाला. मास्तरांनी सही करून दिलेले फॉर्म टीव्हीखाली तसेच राहिले.

*

मंगळवार, ९ फेब्रुवारी. कंधारचा चौक. मागच्या ट्रकातला माणूस उतरून आला आणि त्यानं काचेवर थाप मारली.

"ओ बाई, मरायचंय का? ब्रेकावर ब्रेक मारून राहिल्या. लाईट कुठाय?"

*

गुलाम रसूलचं गॅरेज उदगीरच्या किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर. तो पेडलखाली डोकं घालून उताणा पडला होता, बाहेर फक्त पाय. पायांशीच बोलायला लागत होतं.

"सिस्टर, दाबा."

"दाबलं."

"सोडा. आता दाबा. जरा जोरानं, इंजेक्शन देता तसं."

"दाबलंय की हो."

"मग बल्बचा कसूर न्हाई, फ्यूजचा न्हाई. स्विच मेला." पाय सरकत बाहेर आले, मग पोट, मग दाढी. "पेडलच्या मुळाशी एक बारका स्विच असतो बघा. तुम्ही पाय ठिवला की तो मागच्या लाईटला सांगतो. हा सांगायचा बंद झाला."

"दुसरा बसवा."

"बाजारातला ह्याला बसत न्हाई. ह्याची पकड येगळी हाय. एकाला बसवून दिला, लाईट इझंचना. कंपनीचाच पायजे." त्यानं चिंधीला हात पुसले आणि मोबाईल काढला. "आन कंपनी तर फुकट देऊन राहिली, सिस्टर. ह्याच स्विचपायी गाड्या वापस बोलावून राहिली. नंबर बघू तुमचा."

त्यानं बॉनेट उघडून चेसिस नंबर पुसला. एकेक आकडा मोठ्यानं वाचला. मोबाईलवरच्या यादीत बोट खाली खाली नेलं.

"हाय! लिष्टात हाय. पेढे आणा."

मागच्या सीटवरून निवृत्ती म्हणाला, "पेढे तुम्ही खा, गुलामभाई. मला साखर, मीठ, पाणी, सगळंच बंद हाय. मी नुसतं बघतो."

*

शुक्रवार, १२ फेब्रुवारी. नांदेड. निवृत्ती मशीनवर, पंचशीलाच्या हातात चार तास.

सर्विस सेंटरात गारवा होता. दारापाशी पाण्याचं यंत्र, त्याला थंड आणि गरम असे दोन नळ. एक माणूस गरम तोटी सोडून हात धूत होता. पंचशीला त्याच्याकडं बघत राहिली.

निळा टाय लावलेल्या सुपरवायझरनं कॉम्प्युटरवर नंबर टाकला.

"येते मॅडम. तुमची गाडी यात येते. पूर्ण कव्हर आहे, एक रुपया लागणार नाही."

"मग करून द्या."

"पार्ट नाही. मागवतो. तीन आठवडे धरा."

"गाडी नरसिंग मास्तरांच्या नावावर हाय. चालवते मी. माझा नंबर लिहून घ्या."

त्यानं लिहून घेतला. पिवळ्या चिठ्ठीवर. चिठ्ठी कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवली. तिथं आधीच दहा-बारा चिठ्ठ्या होत्या आणि वरच्या पंख्यानं त्या सगळ्या हलत होत्या.

"तोपर्यंत जपून चालवा," तो म्हणाला.

"जपून म्हणजे?"

"म्हणजे ब्रेक कमी मारा."

*

ब्रेक कमी मारणे.

उतार दिसला की आधीच तिसरा गिअर. बैल दिसला की आधीच दुसरा. पुढचं वाहन लांबूनच दिसलं पाहिजे आणि मागचं कोसभर लांब पाहिजे. मागचं लांब ठेवणं आपल्या हातात नसतं. मार्च लागला तसे रस्त्यावर टँकरच टँकर झाले. लोक ज्याची सहा-सहा तास वाट बघतात ते पंचशीलाच्या आरशात दर दहा मिनिटांनी यायचं. येताना तिच्याही डिकीत पाणी असायचं, नांदेडहून भरलेले वीस लिटरचे आठ कॅन. उदगीरला नळ येऊन अठरा दिवस झाले होते.

डिकीत आठ कॅन, त्यांच्या पुढं सीट, सीटवर निवृत्ती. मागून कुणी आलं तर त्याच क्रमानं.

ती आरशात बघायची आणि हा क्रम मोजायची.

*

मंगळवार, १५ मार्च. जांबच्या अलीकडं एक बाई डोक्यावर घागर घेऊन रस्त्यात धावत आली. तिला मागचा टँकर दिसला होता, पुढची गाडी दिसली नव्हती. पंचशीलानं ब्रेक दाबला. पूर्ण.

मागं टायर किंचाळले. टँकर रस्ता सोडून खडीत गेला, जाता जाता गाडीचा उजवा आरसा घेऊन गेला. टँकरच्या झाकणातून पाण्याचा मोठा लोट उसळून गाडीच्या मागच्या काचेवर पडला. मग बायका आल्या. घागरी, कळशा, एकीकडं नुसतं ताट. गाडीच्या टपावरून ओघळणारं पाणी त्या ताटात धरायला लागल्या. ड्रायव्हर खाली उतरून पंचशीलाला आई-बहिणीवरून बोलत होता आणि त्याच्या मधे एक म्हातारी वाकून बंपरखाली तांब्या धरून उभी होती. "सरक की जरा," ती त्याला म्हणाली.

निवृत्ती उठून बसला होता. घरी पोचल्यावर दारात म्हणाला, "मी त्याचं तोंड बघितलं, काच फुटायच्या अंतरावरून. त्याची चूक न्हाई. त्याला खरंच कळलं न्हाई तू थांबलीस ते."

*

बुधवारी तिनं सर्विस सेंटरला फोन लावला. एका मुलीनं गाडीचा नंबर विचारला आणि म्हणाली, "पार्ट आला की आमच्याकडून फोन जातो मॅडम. तुम्हाला फोन आला नसेल तर पार्ट आला नसेल."

*

गुरुवारी, गॅरेज.

"गुलामभाई, उद्या शुक्रवार. मी असं जाणार न्हाई."

"एक तरीका हाय. पण जुगाड हाय." गुलाम रसूलनं दाढी खाजवली. "स्विच बाजूला ठिवायचा. मागच्या लाईटची वायर कापायची, बाहेर काढायची, तिला येगळं बटण जोडायचं. ब्रेक मारायच्या वक्ताला बटण दाबायचं. पर सिस्टर, कंपनीनं बघितलं तर कटकट करंल. वायरीला बाहेरचा हात लागला की ते लोक भडकतात."

"तीन आठवड्याचे पाच झाले."

"माझं काम सांगायचं. सांगितलं."

निवृत्ती गाडीच्या दारात पाय बाहेर सोडून बसला होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग नव्या आरशाकडं.

"कापा," ती म्हणाली.

बटण कसलं लावायचं यावर जरा वेळ गेला. दाबलं की लागणारं, सोडलं की विझणारं पाहिजे होतं. निवृत्ती म्हणाला, "आपल्या दारावरचं घंटीचं काढून आण. येतंय कोण? पाहुण्याला पाणी द्यावं लागंल म्हणून आपण कुणाकडं जात न्हाई, कुणी आपल्याकडं येत न्हाई."

बटण आधी गिअरपाशी लावलं. गॅरेजच्या मागच्या मैदानात दोन फेऱ्या मारल्या. तिला जमेना. पाय ब्रेकवर गेला की हात गिअरवर जायचा, बटणावर नाही. तिसऱ्या फेरीला गुलाम रसूल मागून ओरडला, "सिस्टर, आत्ता तुम्ही मेल्या."

"वायर लांब करा," निवृत्ती म्हणाला. "माझ्या हातात द्या."

"तुमच्यानं व्हतंय का?"

"मशीनवरून उठल्यावर मला दुसरं काय काम असतं? छत बघायचं. त्यापेक्षा हे बरं."

*

पहिल्या दिवशी ती "हं" म्हणायची आणि तो दाबायचा. जांबपर्यंत घसा बसला.

दुसऱ्या खेपेला तिनं फक्त घसा साफ केला तरी लाईट लागायची.

तिसऱ्या खेपेपासून तो उशी उभी करून तिच्या खांद्यावरून रस्ता बघायला लागला. डाव्या हातात सुया टोचायची नस होती, म्हणून बटण उजव्या हातात. बैल दिसला की अंगठा तयार. कधीकधी तिचा पाय पेडलवर पडायच्या आधी लाईट लागलेली असायची.

"अहो, मी ब्रेक मारलाच न्हाई."

"मारणार होतीस."

"न्हवते मारणार."

"बावीस वर्षं झाली," निवृत्ती म्हणाला. "कुठं थांबणार ते कळतंय मला."

पाच खेपा अशा झाल्या. आरशात टँकर यायचे आणि लांबच हळू व्हायचे.

*

मंगळवार, ५ एप्रिल. नांदेड. तापमान बेचाळीस. निवृत्तीला मशीनवर सोडून ती न सांगता सर्विस सेंटरला गेली.

जॉब कार्ड:
तक्रार – ब्रेक लाईट लागत नाही.
पार्ट – उपलब्ध.
तपासणीत आढळले – मूळ वायर कापलेली, बाहेरून जोडकाम, विनापरवाना बटण. डिकीत पाणी शिरल्याच्या खुणा, मागील जोडणीला गंज.
शेरा – विनामूल्य बदलीच्या मोहिमेत समाविष्ट नाही.

"पार्ट आहे ना तुमच्याकडं?"

"आहे मॅडम. पण आता मूळ वायरिंगला हात लागलाय. उद्या शॉर्ट झालं तर जबाबदारी कंपनीवर येते. आणि डिकीत पाणी शिरलंय."

"आमच्या जिल्ह्यात पाणी शिरायला असतं तर मी इथं आले असते का?"

त्याला हसू आलं, ते त्यानं आवरलं. वाईट माणूस नव्हता. "कॅन सांडले असतील. गंज आहे तो आहे. मी वर मेल टाकतो. दोन-तीन महिने लागतील, पण टाकतो."

"वायर मी का कापली ते लिहा त्यात. तीन आठवडे म्हणालात. तुमचा फोन न्हाई, काही न्हाई."

त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं. "फोन गेलेला दिसतोय."

"मला न्हाई आला."

"गेलेला आहे मॅडम. इथं बरोबरची खूण आहे."

पंचशीलानं कॉम्प्युटरच्या कडेला बघितलं. तिची पिवळी चिठ्ठी तिथं नव्हती. खाली, खुर्चीच्या चाकापाशी दोन-तीन चिठ्ठ्या पडल्या होत्या. कुठली कुणाची, ते उलटून बघायला ती वाकलीसुद्धा. एकीवरही तिचा नंबर नव्हता.

"एक काम करा साहेब," ती वाकलेलीच म्हणाली. "कंपनीचं न्हाई, कव्हर न्हाई, कागद न्हाई. तो स्विच नुसता माझ्या हातात द्या. आमचा माणूस बसवंल. शुक्रवारी मला पुन्हा यायचंय. दर मंगळवारी, दर शुक्रवारी. मागं माझा नवरा झोपलेला असतो."

"असा देता येत नाही," तो हळू म्हणाला. "नंबर टाकल्याशिवाय कपाटातून निघतच नाही."

*

साडेचार वाजता निवृत्तीला बाहेर आणलं. मशीननं त्या दिवशी अंगातलं जास्तच पाणी ओढलं होतं. तोंड राखेसारखं. दोन माणसांनी धरून सीटवर ठेवला. त्याचा उजवा हात चाचपडत बटणाकडं गेला.

"मला कळलं तू कुठं गेलतीस ते," तो म्हणाला. "झालं काम?"

तिनं गाडी चालू केली. पुढं बघितलं.

"झालं. नवीन बसवला."

"फुकट?"

"फुकट."

"मग हे आता नको?"

"राहू द्या तिथंच. झोपा तुम्ही."

"बरं झालं," निवृत्ती म्हणाला आणि डोळे मिटले.

*

नांदेड ते कंधार. मागं लाईट नाही, बटण दाबणारा झोपलेला. तिनं गाडी चाळीसवर ठेवली. सगळ्यांना हात करून पुढं जाऊ दिलं. टँकर, ट्रक, एसटी, लग्नाची जीप. जाताना प्रत्येकानं हॉर्न वाजवून शिवी दिली.

कंधार ते जांब. थांबायचं झालं की आधी खिडकीतून हात बाहेर काढून वरखाली हलवायचा, मग ब्रेक. हात उन्हानं भाजला.

जांबच्या पुढं एक टँकर मागं लागला तो पुढं जाईना. रस्ता चढ-उताराचा, वळणावळणाचा. हात हलवला, तरी जाईना. सूर्य टेकला होता. तिनं आरशात बघितलं: टँकरचं तोंड, पांढरा रंग दिलेला बंपर, त्यावर लिंबू-मिरची. आठ कॅन, सीट, निवृत्ती.

पहिला उतार. ब्रेकवर पाय ठेवावाच लागला. ठेवला, आणि खांदे कानापर्यंत गेले.

पांढऱ्या बंपरवर लाल उजेड पडला.

तिनं पाय उचलला. उजेड गेला. पाय ठेवला. उजेड आला. टँकर लांब पडला.

तिनं पुढचं वळण घेतलं. मग म्हणाली, "झोपला न्हाई का तुम्ही?"

"झोपलोय मी," मागून आवाज आला. "तू गाडी चालव."

"कधीपासून?"

"कंपनीनं नवीन बसवला असता तर तू हात कशाला हलवला असतास?"

"अहो, तुम्हाला सोसायचं न्हाई. पडून राहा."

"पडूनच हाय. अंगठा तेवढा जागा हाय."

दुसरा उतार. लाल. विझला. वळण. लाल. विझला. समोर एक कुत्रं. लाल आधी, मग तिचा पाय. विझला.

तिसरा उतार संपला आणि सपाटी लागली. तिनं पाय ब्रेकवरून काढून ॲक्सिलरेटरवर ठेवला. बंपर लालच होता.

"अहो, सोडा."

लाल.

"अहो. सोडा बटण. मी ब्रेक न्हाई मारला."

मागचा टँकर हॉर्न वाजवायला लागला.

"अहो!"

*

रस्त्याच्या कडेला गाडी. निवृत्ती सीटवरून अर्धा घसरला होता. बटण त्याच्या बरगडीखाली दाबलं गेलं होतं. तिनं त्याला सरळ केल्यावर मागची लाईट विझली.

टँकरही थांबला. ड्रायव्हर उतरून धावत आला, पन्नाशीचा, लुंगीतला, कानात बिगबाळी.

"एनाय्तु अक्का? काय झालं? लाईट लागूनच ऱ्हायली. मी म्हन्लं बाई ब्रेकावर पाय ठिवून झोपली का काय."

"पाय धरा ह्यांचे. वर धरा. डिकीतनं दोन कॅन काढा, त्यावर ठेवा पाय."

गुंडप्पा नाव त्याचं. त्यानं सांगितलं तसं केलं. पंचशीलानं निवृत्तीच्या डाव्या हातावर बोटं ठेवली. त्या नशीतून रक्त पळताना मांजर गुरगुरल्यासारखं बोटांना लागायचं, रोज रात्री ती तपासायची. आता लागेना. पिशवीतून बीपीचं यंत्र काढलं. वरचं साठ. खालचं ऐकूच येईना.

"पानी देऊ का अक्का? धा हजार लिटर हाय."

"पाणी न्हाई चालत. सलाईन पायजे. जळकोटला दवाखाना हाय, सहा किलोमीटर." "माझ्या गाडीला मागची लाईट न्हाई, भाऊ. हेच दाबत होते. हेच माझी लाईट."

गुंडप्पाला कळायला वेळ लागला. त्यानं वायर बघितली, दारावरच्या घंटीचं बटण बघितलं, निवृत्तीच्या अंगठ्याकडं बघितलं.

"तुमी व्हा फुडं," तो म्हणाला. "मी मागं हाय. शंभर हात सोडून येतो, दिवे लावून. माझ्या मागून कुनी तुमच्या अंगावर येत न्हाई. पळवा."

तिनं पळवली. आरशात टँकरचे दोन दिवे. जळकोटच्या अलीकडच्या फाट्यावर तीसेक माणसं घागरींची रांग लावून बसली होती, त्याच टँकरची वाट बघत. टँकर येतोय म्हणून ती उठली. टँकर थांबला नाही. बायका ओरडत मागं धावल्या, कुणीतरी घागर फेकून मारली. गुंडप्पानं हॉर्नवरचा हात काढला नाही.

*

ग्रामीण दवाखाना. सलाईनची बाटली, थेंब मोजून. पाव बाटली गेल्यावर वरचं ऐंशी झालं, अर्धीनंतर पंचाण्णव. डॉक्टर म्हणाले, जास्त देता येत नाही, छातीत भरेल. पंचशीलाला ते माहीत होतं. तिनं मान हलवली.

गुंडप्पा दारात उभा राहून गेला होता. जाताना त्यानं विचारलं, "परत कवा जायाचं नांदेडला?" तिनं सांगितलं. त्यानं बोटांवर मोजलं. "शुक्करवारी माझी खेप मुखेडकडं हाय," तो म्हणाला, आणि वाईट वाटल्यासारखा जरा वेळ तिथंच थांबला.

निवृत्तीनं डोळे उघडले नव्हते. उजवा हात चादरीवर होता. अंगठा दाबत होता, सोडत होता. दाबत होता.

पंचशीला वाकून त्याच्या कानाशी म्हणाली, "सोडा आता. गाडी उभी हाय."

अंगठा थांबला. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मागं कोण होतं?"

"टँकर."

"भरलेला?"

"भरलेला."

"वायर तुटली न्हाई ना? शुक्रवारला लागंल."

तिनं त्याच्या हातावरची बोटं काढली नाहीत. मांजर परत गुरगुरायला लागलं होतं, पण बारीक. शुक्रवारला दोन दिवस मधे होते.

*

१४ मार्च, सोमवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे वायर कापायच्या तीन दिवस आधी, पार्ट आला आहे हे सांगायला नांदेडच्या सर्विस सेंटरमधून गाडीच्या नोंदणीकृत मालकाच्या नंबरवर फोन गेला होता. उमरीत तो सरजाबाईंनी उचलला, "आम्हाला काय नको बाबा" म्हणाल्या आणि ठेवला.